सतरा नंबर

माझं काम सांगायला सोपं आहे. इमारतीतले विजेचे मीटर एका तारेने जोडायचे, तारेचं टोक एका बॉक्समध्ये घालायचं, आणि बॉक्सला अँटेना लावून त्याला ऑफिसशी बोलायला लावायचं. मग वही घेऊन दारोदार आकडे टिपत फिरायला नको. वीज कंपनीत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा ह्याच कामात. भुताखेतांशी माझं कधी काही वाकडं नव्हतं. अर्धवट आवळलेला स्क्रू मला जास्त घाबरवतो, कारण तो काय करू शकतो हे मी पाहिलंय.

लोकांना वाटतं हे मीटर दिवसभर आपसात बडबड करत असतात. अजिबात नाही. मीटर फार शिस्तीचा असतो. प्रत्येकाला एक नंबर दिलेला असतो. बॉक्स विचारतो, एक नंबर? मग फक्त एक नंबर उत्तर देतो आणि बाकीचे गप्प ऐकतात. विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. ही पद्धत मी माझ्या सासरच्या मंडळींना अनेकदा सुचवून पाहिली आहे.

जोडणी झाली की माझी एक सवय आहे. कागदावर ती कुठे लिहिलेली नाही. सगळ्या नंबरांना हाका मारून झाल्या की मी एका रिकाम्या नंबरलाही हाक मारतो. सोळा मीटर असतील तर सतराव्याला. उत्तर यायला नको. आलं तर समजायचं, कुणीतरी काढलेला जुना मीटर तारेवर तसाच लटकत ठेवलाय, नाहीतर नंबर देताना घोळ घातलाय. शांतता मिळाली की सही करायची आणि हात धुवायचे.

त्या दिवशी आम्ही गेलो ती इमारत माझ्याच हातची होती. चार मजले, सोळा घरं. आठ वर्षांपूर्वी तिथली जोडणी मीच केली होती. मीटरची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली, भिंती हातभर जाड. आतून बिनतारी सिग्नल बाहेर पडत नाही, म्हणून मीटर ते मीटर तार आणि अँटेना बाहेर खिडकीच्या गजाला. आता तो बॉक्स, म्हणजे जुना मोडेम, बाद झाला होता, नवा बसवायचा होता. बरोबर माझा सहकारी होता. सहा फूट दोन इंच आणि अंगावर मांस नाही, म्हणून अख्खं ऑफिस त्याला अँटेना म्हणतं. तोही ओ देतो.

अकरा नंबरचा मीटर माझ्या ताईचा.

तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो आणि ताई एकोणीसची. मला तिने वाढवलं. मारलंही तिनेच. आज मी सत्तावन्न वर्षांचा आहे, तरी ती मला ठोंब्याच म्हणायची. चार वर्षांपूर्वी भावोजी गेले, आणि त्याच वर्षी ती न्हाणीघरात पडली. दीड दिवस फरशीवर पडून होती. हाका कोणाला ऐकू गेल्या नाहीत. त्या दीड दिवसात मी तिला एक फोन केला नव्हता. कामात होतो म्हणे. ते मी स्वतःला माफ केलेलं नाही.

ती बरी झाली, पण माझ्याकडे राहायला येईना. मग मी एक नियमात न बसणारी गोष्ट केली. मीटर एरवी पंधरा मिनिटांचा मिळून एक आकडा साठवतो. ताईचा मीटर मी दर मिनिटाला आकडा साठवेल असा करून टाकला. रोज सकाळी घरी लॅपटॉप उघडायचा आणि अकरा नंबरला हाक मारायची. सहा वाजून दहा मिनिटांनी तिची विजेची किटली लागायची. आधी एक मिनिट, मग थांबायची. तेवढ्यात ती कोमट पाण्याचा पेला भरून घ्यायची. मग पुन्हा तीन मिनिटं, एका कपाचं पाणी. पडद्यावर एक बुटका सुळका, थोडी फट आणि मग रुंद सुळका. तो दिसला की मी माझा चहा घ्यायचो. शनिवारी मी सकाळीच तिच्याकडे जायचो, तेव्हा रुंद सुळका पाच मिनिटांचा असायचा. दोन कप. चार वर्षांत हा हिशेब एकदाही चुकला नाही. ताईला ह्यातलं काही माहीत नव्हतं. कळलं असतं तर तिने माझे कान उपटले असते.

तर, नवा मोडेम बसवला. दुपारचे तीन वाजले होते. अँटेना लॅपटॉप मांडीवर घेऊन पालथ्या बादलीवर बसला होता आणि एकेक नंबर मोठ्याने वाचत होता. सोळाही मीटर बोलले.

"सतरा मार," मी म्हटलं.

त्याने मारला, आणि हसला. "दादा, भाडेकरू वाढला."

सतरा नंबरने उत्तर दिलं होतं. नीट, वेळेवर, पूर्ण आकड्यासकट.

मी चिडलो. माझ्या जोडणीत घोळ म्हणजे माझ्या नाकावर माशी. आधी वाटलं, टोकाचा रेझिस्टर गेला असेल. तारेच्या शेवटी तो नसला की हाक टोकाला आपटून परत येते आणि बॉक्सला वाटतं कोणीतरी बोललं. रेझिस्टर तपासला, ठणठणीत होता. तरी नवा लावला. सतरा बोललाच. मग एकेक मीटर तारेवरून सोडवत गेलो. सोळा सुटला, पंधरा सुटला. तासाभराने एकही मीटर तारेवर उरला नाही. नुसती पंचवीस-तीस फुटांची तार भिंतीवरून गेली होती आणि तिचं टोक उघडं लोंबत होतं.

"मार."

अँटेना हसला नाही. "बोलतोय," तो म्हणाला.

मी बॉक्सच्या तोंडाशी तार उपसली. सतरा गप्प. पुन्हा घातली. सतरा बोलला. जे काही होतं ते तारेवर होतं, आणि तारेवर काहीच नव्हतं.

"दादा, सही करून टाकू," मीटर परत जोडताना अँटेना म्हणाला. "सोळा चालतायत ना? सतराला कोण विचारणारे?"

सही केली. ही चूक मी माझ्या नावावर घेतो. पण जाण्याआधी सतराचा साठवलेला आलेख लॅपटॉपमध्ये उतरवून घेतला, कारण मला रात्री झोप लागायची असते. अँटेनाने तारखेवर बोट ठेवलं. सतरा नंबरचं घड्याळ बरोबर एक दिवस पुढे होतं. आज सोमवार, तर त्याच्यावर मंगळवार दुपारचे सव्वाचार. एक मिनिटही इकडेतिकडे नाही.

घरी जाऊन आलेख उघडला. सतराही दर मिनिटाला आकडा ठेवत होता. असा मीटर अख्ख्या शहरात एकच होता. मंगळवारी सकाळी सहा दहा. बुटका सुळका, फट, रुंद सुळका.

मला वाटलं, अकरा नंबरचीच नक्कल कुठूनतरी पडत्येय आणि तारीख तेवढी चुकत्येय. पण सोमवारचा अकराचा आलेख शेजारी ठेवला तर दोन्ही जुळेनात. सतरावर साडेअकराच्या सुमाराला किटली लागोपाठ तीनदा लागली होती. अकरावर तसं काही नव्हतं.

मंगळवारी संध्याकाळी पुन्हा अकराला हाक मारली. साडेअकरा, किटली, तीनदा. ताईला फोन केला. सहज विचारावं तसं विचारलं, "आज कोणी आलं होतं का गं?"

"समोरची आली होती, दोन्ही सुना घेऊन. का रे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायला फोन करतोस? ठोंब्या."

मी दोन्ही आलेख एकावर एक ठेवले. एक केसही बाहेर गेला नाही. आवाज आपटून परत येतो तो मागाहून येतो. आधी कधी येत नाही. मी हे वाक्य कागदावर लिहिलं, वाचलं, आणि कागद फाडून टाकला.

मंगळवारीच सतराने बुधवारची सकाळ दाखवली. बुधवारी किटली सहा दहाला नव्हती. सहा बावीसला होती. बारा मिनिटं काही मोठी नाहीत, पण चार वर्षांत ती कधी चुकली नव्हती. बुधवारी सहाला लॅपटॉप उघडून बसलो. सहा नऊ झाले आणि माझ्याच्याने राहवेना. फोन लावला.

"किटलीला हात घातला आणि तुझा फोन," ताई म्हणाली. "बरा आहेस ना? बायकोशी भांडलास का?"

मी बरा आहे, भांडलो नाही, सहज केला, गुडघा कसा आहे, असं काहीबाही बोलत राहिलो. तिला बरं वाटलं असावं, तीही बोलत राहिली. फोन ठेवला तेव्हा सहा एकवीस झाले होते. एका मिनिटाने पडद्यावर बुटका सुळका आला.

मी कपाळाला हात लावला. उशीर माझ्यामुळेच झाला होता.

गुरुवारी संध्याकाळी सतराला हाक मारली. शुक्रवारची सकाळ नेहमीसारखी होती. किटली, गीझर, दहाच्या सुमाराला इस्त्री. आणि अकरा चाळीसला सगळं शून्य. तिथून पुढे सपाट रेघ.

आलेख पुन्हा उतरवला, तीच रेघ. मग डोकं चालवायचा प्रयत्न केला. माणसाला काही झालं तरी फ्रीज चालू राहतो. फ्रीज काही शोक पाळत नाही. पण इथे फ्रीजसुद्धा बंद होता. म्हणजे घराची वीजच गेली. शॉर्टसर्किट? आग? इस्त्रीनंतर दीड तासाने. मी तिच्या घरातली प्रत्येक वायर मनातल्या मनात तपासली. ती सगळी मीच टाकलेली होती.

शुक्रवारी नऊ वाजता तिच्या दारात उभा राहिलो.

"आज शनिवार आहे का?" ताई म्हणाली.

"कपडे भर. चार दिवस माझ्याकडे चल."

"कोण आजारी आहे?"

"कोणी नाही. तुझ्या घरातली वायरिंग बदलायची आहे. धोक्याची आहे."

"तूच टाकलीस की ती."

"म्हणूनच म्हणतो."

ती हसली, पण माझ्या तोंडाकडे बघून तिचं हसू ओसरलं. मग तिने वाद घातला नाही. दोन साड्यांना इस्त्री केली, फ्रीजमधलं दूध शेजारी दिलं, कुंड्यांना पाणी घातलं. मी मध्येमध्ये घड्याळ बघत होतो आणि प्रत्येक बटणाला हात लावून बघत होतो. शेवटी दाराला कुलूप घातलं. खाली आल्यावर मीटरच्या खोलीत शिरलो, कारण बंद घराची वीज चालू ठेवून मी कधीच निघत नाही. अकरा नंबरच्या मीटरखालचा मेन स्विच पाडला. फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला.

घड्याळ बघितलं. अकरा चाळीस.

मी तिथे जिन्याखाली एकटाच हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. ती सपाट रेघ मीच होतो. बुधवारच्या फोनसारखीच. आग नाही, शॉर्ट नाही, काही नाही. ताई बाहेर पिशवी घेऊन उभी होती, तिने विचारलं, "वेड लागलं का तुला?" मी म्हटलं, "होतं लागलं. आता गेलं."

दिवस छान गेला. बायकोचं आणि ताईचं चांगलं जमतं, दोघींना माझ्या तक्रारी करायच्या असतात. जेवताना मी ताईला सगळं सांगून टाकलं. सतराचं नाही, अकराचं. रोज सकाळचं.

"म्हणजे चार वर्षं माझ्या किटलीवर पाळत ठेवलीस?"

"हो."

"मला वाटायचं, सकाळी पहिला चहा मी एकटीच घेते." तिने माझ्या ताटात भात वाढला. मला नको होता, तरी खाल्ला. "उद्या मात्र माझी पंचाईत आहे. दुसऱ्याच्या किटलीचा चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. माझ्या घरीच घेतला असता."

झोपण्याआधी शेवटचं म्हणून सतराला हाक मारली. बघायला नको होतं. शनिवारचा आलेख सपाट होता, फ्रीज नाही, दिवा नाही. फक्त सहा दहाला बुटका सुळका, फट, रुंद सुळका. मग पुन्हा सपाट.

मी एवढंच समजलो की ताई पहाटे उठून कोणाला न सांगता घरी जाणार. हट्टीच आहे ती. तिच्या घराची चावी तिच्या पिशवीतून काढली आणि फ्यूजबरोबर माझ्या खिशात ठेवली. आमच्या दाराला आतून कुलूप लावलं. मग निवांत झोपलो.

शनिवारी साडेपाचला उठून बाहेरच्या खोलीत बसलो. दाराचं कुलूप जागेवर होतं. ताईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज नव्हता.

लॅपटॉप उघडला. अकरा नंबरला हाक मारली. शून्य.

सहा वाजले. शून्य.

खिशात हात घातला. चावी होती. फ्यूज होता. मी दोन्ही काढून टेबलावर ठेवले.

सहा दहा.

बुटका सुळका.

मी फ्यूजकडे बघितलं. तो टेबलावरच होता.

फट. एक पेला पाणी भरून घ्यायला लागते तेवढी.

मग रुंद सुळका. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन मिनिटं. मग सपाट.

मी उठलो आणि ताईच्या खोलीचं दार ढकललं. ती कुशीवर झोपली होती, गालाखाली हात घेऊन. तो हात मी धरला. गार होता.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय थांबलं, पाचच्या सुमाराला. काही कळलं नसेल त्यांना. ते बायकोकडे बघून बोलत होते, कारण मी लॅपटॉपकडे बघत होतो.

ह्याला आता पाच आठवडे झाले. मी तिला आणलं नसतं तर ती वाचली असती का, हे मी रोज स्वतःला विचारतो. माझ्याकडे आली म्हणून गेली, की जाणारच होती आणि निदान एकटी गेली नाही? उत्तर येत नाही. तिथे शांतताच आहे.

अकरा नंबर मात्र रोज बोलतो. सकाळी सहा दहा, एक मिनिट, फट, तीन मिनिटं. ऑफिसातून विचारणा आली, बंद घरात वापर कसा? अँटेनाला पाठवलं. त्याने मेन स्विच पाडलेला बघितला, फ्यूजची रिकामी जागा बघितली, वर जाऊन दाराचं कुलूप ओढून बघितलं. परत आला तो माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणाला, "दादा, दाराबाहेर चहाचा वास येतो." मग कामाला लागला. कागदावर त्याने 'मीटर सदोष' असं लिहिलं. मी सही केली.

मला त्याची भीती वाटत नव्हती, हे खरं सांगतो. सहा दहाला सुळका दिसला की मी माझा कप उचलायचो. ती तिकडे, मी इकडे. पहिला चहा एकटीने घ्यावा लागत नव्हता तिला. सतराला मात्र ह्या पाच आठवड्यांत मी हाक मारली नव्हती.

आज मारली. निवृत्तीच्या आधी जुन्या इमारतींची शेवटची तपासणी करून द्यायची होती आणि ती इमारत यादीत होती. तपासणी घरी बसून लॅपटॉपवरच होते, फक्त माझ्या सवयीने घात केला. सोळा नंबर झाले, आणि बोटांनी आपोआप सतरा दाबला.

उत्तर आलं. उद्याचा आलेख.

मघाशी जाऊन ताईच्या घराची चावी आणि फ्यूज, दोन्ही अँटेनाच्या हातात देऊन आलो. त्याला सांगितलं, उद्या दिवसभर मी कितीही मागितलं तरी द्यायचं नाही. त्याने का म्हणून विचारलं नाही. बायको आत उद्याच्या भाज्यांचं काहीतरी विचारत्येय. मी हो म्हटलंय.

उद्या शनिवार. सहा दहाला बुटका सुळका आहे. मग फट. मग रुंद सुळका, तो मी चारदा मोजला.

पाच मिनिटं.